आमची वाटचाल : परत आलेल्या माशांची पेटी

आमच्या कामाच्या टेबलाशेजारी आतून फोम लावलेली एक चपटी पेटी असते. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या माशा, म्हणजे मासे पकडायला आम्ही हाताने बांधलेली माशीसारखी आमिषं, तिच्यात टोचून ठेवतो. कुणाचा दोरा सुटलेला, कुणाचा गळ उघडलेला, कुणाची पिसं झडलेली. आमच्या धंद्यातला जवळजवळ प्रत्येक बदल या पेटीतून निघाला आहे, त्यामुळे वाटचाल सांगायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

ज्यांना फ्लाय फिशिंग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं आधी. नेहमीच्या गळाला शिसं असतं आणि फेकताना ते दोरीला ओढत नेतं. इथे माशीला म्हणण्यासारखं वजन नसतं. वजन दोरीत असतं आणि दोरी माशीला घेऊन जाते. म्हणूनच या दोरीला नंबर असतात, ते तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतात. ५ नंबरची दोरी १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ८ नंबरची २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. काठीचा नंबर दोरीशी जुळला पाहिजे. हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या ट्राउटला ४ किंवा ५ नंबर पुरतो. महाशीरसाठी ८ च्या खाली जाऊ नये, असं आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

माशी म्हणजे गळावर पिसं, केस, लोकर, तार दोऱ्याने बांधून केलेलं आमिष. आम्ही पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या बाजूला, ती हाताने बांधतो. मशीन लागत नाही. गळ धरायला वाइस, दोऱ्याच्या रिळासाठी बॉबिन, पीस पकडायला हॅकल प्लायर्स, शेवटची गाठ मारायला व्हिप फिनिशर आणि धारदार बारीक कात्री, एवढ्यावर काम चालतं. आमच्याकडच्या बऱ्याच जणींचा हात आरीकामावर बसलेला होता, त्यामुळे दोऱ्याचा ताण त्यांना शिकवावा लागला नाही. शिकावी लागली ती मापं.

सुरुवात ट्राउटच्या माशांनी झाली: फेझंट टेल निम्फ, एल्क हेअर कॅडिस, वूली बगर. परत आलेल्या पहिल्या माशांमध्ये दोष एकच होता, डोकं, म्हणजे पुढची शेवटची दोऱ्याची गुंडाळी, सुटायचं. कारण गाठीत नव्हतं, जागेत होतं. गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रामागे, निदान डोळ्याच्या दुप्पट लांबीची जागा मोकळी राहिली पाहिजे. हॅकल, म्हणजे गळाभोवती गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस, पुढेपर्यंत आलं की दोऱ्याला बसायला जागा उरत नाही, तो पिसांच्या उतारावर बसतो आणि घसरतो. आता प्रत्येकीच्या टेबलावर पितळेची एक पट्टी असते. तिच्यावर ती मोकळी जागा, शेपटीची लांबी, हॅकलची लांबी अशा रेघा कोरलेल्या आहेत. गळ पट्टीला लावून बघायचा आणि मगच बांधायला घ्यायचं. शेवटी पाच वेढ्यांचं व्हिप फिनिश एकदा मारून पुन्हा एकदा मारायचं. दहा वेढे एकदम घेतले तर आतले वेढे ढिले राहतात.

दोऱ्याबद्दल एक गोष्ट पुस्तकांतून सहसा पटकन हाती लागत नाही. उजव्या हाताने वेढे घेताना प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला पीळ चढत जातो. पीळ चढलेला दोरा गोल होतो, चावतो आणि उंचवटे करतो. दर वीस-पंचवीस वेढ्यांनंतर बॉबिन लटकत सोडून, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की दोरा पुन्हा चपटा होतो आणि डोकं गुळगुळीत बसतं. दोरा सारखा तुटत असेल तर दोऱ्याला दोष देण्याआधी बॉबिनच्या नळीचं तोंड भिंगातून बघावं. तिथे केसाएवढी खाच पडलेली असली तरी ती दोरा कापते. धातूच्या नळ्या काढून सिरॅमिकच्या घेतल्या आणि हा त्रास संपला.

मग पावसाळा आला आणि डोकं पक्कं करायला त्यावर लावतो तो लाखेसारखा द्रव, आमच्या भाषेत सिमेंट, पांढरा पडायला लागला. त्यातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर दुधाळ होतो. मुळशीच्या पावसात हवा कोरडी करणं आम्हाला परवडण्यातलं नव्हतं. जून ते सप्टेंबर आम्ही यूव्ही रेझिन वापरतो, ते अतिनील टॉर्चच्या उजेडात कडक होतं. त्याचा थर पातळच द्यायचा. जाड थर वरून कडक होतो, आतून ओला राहतो आणि माशी डबीत चिकटते. टॉर्चची बॅटरी उतरली तरी नेमकं हेच होतं, म्हणून सकाळी पहिलं काम बॅटरी चार्ज करण्याचं.

याच दमट दिवसांत पिसांना कसर लागते. नवा माल आला की तो सरळ गोदामात जात नाही. घट्ट बंद पिशवीत उणे १८ अंशांवर किमान एक आठवडा, मग बाहेर काढून काही दिवस, मग पुन्हा एक आठवडा. पहिल्या थंडीतून वाचलेली अंडी मधल्या दिवसांत फुटतात आणि दुसऱ्या खेपेला अळी मरते. हा नियम एकदा मोडला तेव्हा कोंबड्याच्या मानांचा, म्हणजे मानेच्या पिसांसकट वाळवलेल्या कातड्यांचा, अख्खा खोका फेकावा लागला.

वूली बगर आम्ही सर्वांत जास्त बांधतो, म्हणून ती जवळून दाखवतो. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांची ही माशी १९६० च्या दशकातली आहे आणि आजही ती जगभर चालते. लांब दांड्याचा ६ नंबरचा गळ घ्यायचा. दांड्याच्या मधल्या भागावर शिशाच्या अर्धा मिलिमीटर तारेचे दहा वेढे द्यायचे, पुढची मोकळी जागा सोडून. दोन्ही टोकांना दोऱ्याचा उतार करायचा, नाहीतर शरीर तिथे खचतं. शेपटीला मॅराबू, म्हणजे मऊ भुरभुरीत पीस, लांबी गळाच्या दांड्याइतकीच. जास्त लांब ठेवलं तर ते गळाभोवती गुंडाळतं, आणि शेपूट नुसतं चावून मासा सुटतो. मॅराबू कात्रीने सरळ कापायचं नाही, चिमटीने तोडायचं, म्हणजे टोक नैसर्गिक राहतं. मग तांब्याची बारीक तार मागच्या टोकाला बांधून ठेवायची, शेनील, म्हणजे मखमलीसारखा जाड दोरा, पुढे गुंडाळत आणायचं आणि हॅकल पुढून मागे पाच-सहा वेढ्यांत न्यायचं. आता मागची तार हॅकलच्या वेढ्यांना छेदत पुढे आणायची. अशाने पिसाची शीर प्रत्येक वेढ्यात तारेखाली दबते. तार नसलेली बगर पहिले दोन-तीन मासे लागताच उसवते. आमच्या पेटीत अशा कितीतरी आहेत.

इंग्लंडात एव्हन नदीवर काम करणारे फ्रँक सॉयर यांनी फेझंट टेल निम्फ दोऱ्याशिवायच बांधली, निव्वळ तांब्याच्या तारेने. वजन, बांधणी आणि टिकाऊपणा, तिन्ही एकाच गोष्टीत. त्यांच्या या विचाराबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

पिसांचा प्रश्न मात्र आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा. चिकनच्या दुकानांतली पांढरी पिसं मुबलक मिळतात, पण ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास कापला जातो. तोवर मानेचं पीस पक्व झालेलं नसतं. शिरेजवळ त्याला मऊ जाळी असते आणि ती पाणी पिते. बगरला, स्ट्रीमरला (छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या लांब माशीला) असलं पीस उत्तम, कारण ते पाण्यात हलतं. तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला ते निरुपयोगी. तिला ताठ, अरुंद, लांब हॅकल लागतं, आणि त्यासाठी खास पैदाशीचे कोंबडे वर्षभर पाळतात. आम्ही काही काळ गावठी कोंबड्याच्या मानांवर भागवून पाहिलं. चार-पाच मानांतून एक जमायची. आता ड्राय फ्लायचं हॅकल आयातच करतो, किंमत वाढली तरी.

पांढरी पिसं रंगवण्याचं काम आम्ही घरातच करतो. आधी भांड्याच्या साबणाने पिसांचं तेल काढायचं. हे टाळलं की रंग डाग डाग चढतो. रंग लोकरीचा, ॲसिड डाय, पिसांच्या कोरड्या वजनाच्या २ ते ४ टक्के. पाणी ६०-७० अंशांवर, उकळू द्यायचं नाही. उकळीने शीर ठिसूळ होते आणि गुंडाळताना मोडते. हवी तेवढी गडद छटा आली की लिटरमागे दोन मोठे चमचे व्हिनेगर. ते सुरुवातीलाच घातलं तर रंग टोकांना घाईने धरतो. पाणी निवळ होईपर्यंत धुवायचं, कागदी पिशवीत पिसं घालून हेअर ड्रायर सोडायचा. पाच मिनिटांत ती पुन्हा फुलतात.

आता सह्याद्रीतल्या एका पक्ष्याबद्दल. सॅमन पकडायला बांधायच्या जुन्या पद्धतीच्या माशीच्या गालावर मेणाच्या थेंबासारखे पिवळट पांढरे ठिपके दिसतात. ते आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस. जगभरच्या माशी बांधणाऱ्यांना हे पीस हवं असतं आणि तो पक्षी आमच्या खिडकीबाहेरच्या रानात आरवतो. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याचं एकही पीस आम्ही घेत नाही; रानात सापडलं म्हणून कुणी आणून दिलं तरी परत करतो. त्याऐवजी काळ्या कोंबडीचं छोटं पीस रेझिनने ताठ करून त्यावर टूथपिकने दोन थेंब देतो, आधी पांढरा, तो वाळल्यावर त्याच्या आत मलई रंगाचा. दिसायला ते हुबेहूब नाही, पण पाण्यात त्याचं काम करतं.

मोरपिसाचं वेगळं. आपसूक गळलेल्या पिसांचा देशातला व्यापार चालतो, निर्यात बंद आहे. म्हणून मोरपिसाच्या तंतूंची माशी आम्ही फक्त इथल्या गिऱ्हाइकांना देतो आणि परदेशी मागणीत तीच माशी सिंथेटिक डबिंगने, म्हणजे दोऱ्यावर पिळायच्या कृत्रिम तंतूंनी, बांधतो. पिसं घेताना बुडखा बघतो. गळलेल्या पिसाचं टोक कोरडं, मिटलेलं असतं. उपटलेल्याच्या बुडाशी रक्ताची खूण राहू शकते. शंका आली की अख्खी जुडी परत. तंतू फार नाजूक असतात, म्हणून पाच-सहा तंतू दोऱ्याभोवती पिळून त्यांची दोरी करतो आणि मग गुंडाळतो.

हरणाच्या केसांना रानकोंबड्याचाच नियम. चितळ-सांबराचे केस कुठल्याही किमतीला नाहीत. बोकडाचे केस लांब स्ट्रीमरला छान चालतात. पण हरणाचा केस आतून पोकळ असतो, दोरा आवळला की तो फुलतो आणि तरंगतो. बोकडाचा तसा फुलत नाही. त्यामुळे मरळसाठीचे तरंगणारे बेडूक आम्ही दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचे करतो. फोम आवळताना दोरा हलक्या हाताने दोन वेढे, मग ताण. पहिल्याच वेढ्याला ताण दिला की दोरा फोम कापतो.

महाशीरकडे वळलो तेव्हा गळच बदलावे लागले. दख्खनच्या महाशीरची, टॉर खुद्रीची, शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ साली मुळा-मुठेतल्या माशावरून केली. म्हणजे हा मासा आमच्या अगदी अंगणातला. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तिथे तो खेकडे-शिंपले चिरडतो. पातळ तारेचा ट्राउटचा गळ त्यापुढे टिकत नाही. एका पुरवठादाराकडून आलेले गळ दिसायला जाड होते, पण पाणी देताना बिघडलेले असावेत. काही उघडले, काही बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, दाबताना तुटले. तेव्हापासून प्रत्येक खोक्यातले पाच गळ वाइसमध्ये धरून ताणकाट्याने पाच किलोपर्यंत ओढतो आणि बार्ब पक्कडीने दाबून बघतो. एक जरी तुटला तरी खोका परत. महाशीरच्या सगळ्या माशा आम्ही बार्ब दाबूनच देतो, कारण हा मासा जिवंत पाण्यात परत गेला पाहिजे. देहूचा डोह, महाडजवळची वाळणकोंड अशा जपलेल्या जागी गळ टाकायचाच नाही, आणि इतर ठिकाणी परवानगी विचारूनच, हे आम्ही प्रत्येक पाकिटावर छापतो.

खडकाळ पाण्यासाठी क्लाउजर मिनो ही माशी चालते. बॉब क्लाउजर यांनी ती पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर १९८० च्या दशकात घडवली. डंबेलसारखे जड डोळे दांड्याच्या वरच्या बाजूला बांधल्याने गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि खडकात कमी अडकतं. डोळे फिरण्याची तक्रार आमच्याकडे खूप आली. कारण उघड्या धातूवर बांधलेले डोळे. आधी दांड्यावर दोऱ्याचा पाया, मग इंग्रजी आठच्या आकड्याचे बारा वेढे, मग डोळ्याखालून आडवे पाच-सहा वेढे आणि सुपरग्लूचा एक थेंब. केसांची जुडी काडेपेटीच्या काडीपेक्षा जाड घ्यायची नाही, नाहीतर माशी पाण्यात फिरते आणि लीडरला, म्हणजे दोरी आणि माशीमधल्या पातळ नायलॉनला, पीळ पडतो.

नदीकाठच्या उंबराची फळं महाशीर आवडीने खातो. त्यावरून केलेली उंबर माशी हा आमचा स्वतःचा नमुना: रुंद तोंडाचा ४ नंबरचा गळ, तांबूस-हिरव्या लोकरीचा बारा मिलिमीटरचा गोळा, कात्रीने गोल केलेला. ती ओढायची नाही. झाडाखाली टपकन पडू द्यायची आणि प्रवाहाबरोबर सोडून द्यायची.

सध्या काम चाललं आहे खाडीतल्या जिताड्यावर. स्टेनलेस गळ घ्यावे लागतात, कारण ओल्या पिसांखाली साधा गळ एक-दोन दिवसांत गंजतो आणि तो गंज डबीतल्या शेजारच्या माशांनाही लागतो. जिताड्याच्या कल्ल्यावरची धार लीडर कापते, म्हणून शेवटचा हातभर तुकडा ०.६० मिलिमीटरचा देतो. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायला सांगतो, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमकुवत होतं.

तुमच्याकडची आमची माशी उसवली तर फेकू नका, आहे तशी पाठवा. चिठ्ठीत नदी किंवा खाडी, मासा आणि साधारण किती वेळ वापरली एवढं लिहा. आम्ही ती भिंगाखाली धरतो आणि दोरा नेमका कुठे तुटला ते आधी बघतो: डोळ्याजवळ, शेपटीच्या बांधावर की मधे. उत्तर त्याच आठवड्यात देतो, नवी माशी सोबत असते.