शोपॅनचा ई मायनर प्रिल्यूड: कॉर्डना नावं देण्याआधी

शोपॅनच्या ओपस २८ या संग्रहातला चौथा प्रिल्यूड, म्हणजे पियानोसाठीची छोटी रचना (प्रकाशन १८३९), जेमतेम २५ बारचा (बार म्हणजे तालाचं एक माप). तरी विश्लेषणाला बसलेले अनेक जण दुसऱ्या-तिसऱ्या बारपाशीच अडकतात, कारण डाव्या हातातल्या प्रत्येक कॉर्डखाली (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाखाली) त्याचं स्वरश्रेणीतलं स्थान सांगणारा रोमन आकडा लिहायचा हट्ट. तो सोडा.

आधी आठव्या मात्रांची पुनरावृत्ती काढून टाका आणि कॉर्ड नुसते धरून वाजवा. सुरुवात जी-बी-ई, म्हणजे ई मायनरचं पहिलं इन्व्हर्जन (मूळ स्वर ई तळाशी नसून जी तळाशी). मग तिन्ही आवाजांखाली पेन्सिलीने तीन रेषा ओढा. बेस, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, जी, एफ शार्प, एफ, ई असा चौथ्या बारपर्यंत उतरतो. वरचा आवाजही ई वरून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली येतो. मात्र सगळे एकाच वेळी हलत नाहीत. एक सरकतो तेव्हा दुसरा थांबून राहतो, आणि त्या मागे-पुढे होण्यातूनच मधले विचित्र कॉर्ड तयार होतात. चौथ्या बारमधला ई सेव्हन्थ ए मायनरकडे जाणार असं वाटतं, पण लगेच जी शार्पचा जी होतो आणि ती ओढ विरते. त्याला 'चौथ्याचा डॉमिनंट' (श्रेणीतल्या चौथ्या स्वरावरच्या कॉर्डकडे, इथे ए मायनरकडे, ओढणारा कॉर्ड) म्हणून पुढे गेलात, तर खरी गंमत हातची जाते.

पेडलची चूकही इथलीच: अर्धस्वर सरकला की पेडल बदलायलाच हवा, नाहीतर जुना आणि नवा स्वर एकत्र गढूळ होतात.

बार १२ डॉमिनंटवर, म्हणजे बी वरच्या कॉर्डवर थांबतो, १३ पासून तोच उतार पुन्हा, यावेळी घाईने. स्ट्रेट्टोच्या (वेग वाढवायच्या सूचनेच्या) उद्रेकानंतर बार २१ मध्ये घर, म्हणजे ई मायनर, अपेक्षित असताना बेस सी वर जातो, म्हणजे डिसेप्टिव्ह केडन्स (फसवा शेवट).

बार २३ सर्वांत सुंदर. तळाशी बी फ्लॅट, वर सी, ई, जी. लिहिलंय ते सी सेव्हन्थ, आणि बरेच जण त्यालाच फसतात. पण सी सेव्हन्थला एफ हवा असतो आणि एफ कधी येतच नाही. बी फ्लॅटला ए शार्प म्हणून ऐका: तो वर बी कडे ओढतो, सी खाली बी कडे. हा उलटा केलेला जर्मन सिक्स्थ आहे, म्हणजे डॉमिनंटच्या स्वराकडे दोन्ही बाजूंनी अर्ध्या स्वराने ओढणारा कॉर्ड. त्यानंतरच्या विरामावर फर्माटा (मोजमापापेक्षा जास्त थांबायची खूण) आहे. तो मोजून संपवू नका, ताण कानात राहू द्या.

बार २४ मध्ये बी वर चौथा स्वर (ई) तिसऱ्यावर (डी शार्पवर) सुटतो. आणि २५ व्या बारमध्ये, पहिल्यांदाच, तळाशी ई असलेला साधा ई मायनर.