चढावर गाडी तापली: कूलंटची गळती कशी सापडली

अर्धा चढ संपला असेल, तेवढ्यात तापमानाचा काटा वर सरकला आणि केबिनमध्ये गोडसर वास आला. हा वास कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात केला. हीटर इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. रुंद जागा मिळताच गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

अशा चढाने जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं, पण बंद झाकणाखालच्या दाबामुळे 120 च्या पुढेही द्रवच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं उसळून अंगावर येतं. वरचा होज, म्हणजे रेडिएटरला जोडलेली जाड रबरी नळी, हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत थांबायचं.

गाडीखाली थेंब दिसले तरी आधी बोटाने पाहा. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं; आमचं हिरवट, बुळबुळीत होतं. शिवाय थेंब पडतो त्याच्या वरच गळती असेल असं नाही, पंख्याचा वारा कूलंट मागे उडवतो. म्हणून खालून वर जात सगळ्यात उंचावरची ओली जागा गाठायची. टॉर्च मारल्यावर वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या टोकाशी, क्लँपला (होज आवळून धरणाऱ्या पट्टीला) लागून, वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवा थर दिसला. गळती जुनी होती. होज वाकवला तशी बारीक चीर उघडली.

चीर टोकालाच होती आणि होजला लांबी शिल्लक होती, म्हणून तेवढा तुकडा सरळ कापला, रेडिएटरच्या नळीचं तोंड पुसलं, होज तिच्यावर पूर्ण सरकवला आणि क्लँप नळीच्या उंचवट्याच्या मागे आवळला. चीर मधोमध असती तर कोरड्या होजवर सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप ताणून गुंडाळता येते, पण ती गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतीच.

पाणी इंजिन गार झाल्यावरच भरा, नाहीतर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. आत हवा अडकली तर गाडी पुन्हा तापते. काट्यावर पूर्ण विसंबू नका: कूलंट फारच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येतो.

होज ठीक असेल तर वॉटर पंपाखालचं बारीक भोक आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा पाहा. पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर संशय हीटरवर. इंजिन ऑइल कूलंट मिसळून दुधाळ झालं असेल तर गाडी चालवूच नका, टो करा.

गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावायला सांगा. गार इंजिनावर दाब टिकला तरच काम झालं समजा. आम्ही तिथे होज आणि दोन्ही क्लँप बदलले, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट भरलं. रंग सारखा म्हणून दुसरं मिसळू नका. सांडलेलं पुसून घ्या, गोड चवीमुळे जनावरं ते चाटतात आणि ते विषारी असतं.