गुरूचा मिथेन सापडला, पण दुर्बीण बाजूला ठेवून

सापडला! गुरूच्या वर्णपटात (प्रकाश रंगांत फाकवून मिळणाऱ्या पट्ट्यात) मिथेननं प्रकाश गिळल्यामुळे पडलेले, ६१९ आणि ७२७ नॅनोमीटर तरंगलांबीवरचे दोन्ही खड्डे. शनिवारी रात्री, अंबाजोगाईजवळ मामांच्या शेतात, हुरड्याची आगटी विझून धूर निवळल्यावर.

मागच्या वेळी ब्लेडच्या फटीपाशी अडलो होतो. आठ इंची डॉबमध्ये (डॉब्सोनियन दुर्बिणीत) फोकसवर गुरूची तबकडी पाव मिलिमीटरहून मोठी पडते आणि माझ्या मांडणीत वर्णपटाचा एक मिलिमीटर म्हणजे १२५ नॅनोमीटर. प्रत्येक रेषा तीसेक नॅनोमीटर फासली जाणार, त्यात मिथेनचा अरुंद पट्टा दिसणार कसा? म्हणून तबकडीची अरुंद चीरच आत घ्यायला ब्लेडची फट केली. ती बरी जमली होती, पण ट्रॅकिंग नसलेल्या (आकाशाबरोबर आपोआप न फिरणाऱ्या) डॉबवर गुरू तीन सेकंदांत ती ओलांडून जायचा. पाच रात्री अशाच गेल्या.

मग वाटलं, गुरूला मोठा करायचाच कशाला? फिल्म कॅमेऱ्याची जुनी ५० मिमी लेन्स काढली, तिच्यापुढे प्रकाश रंगांत फाकवणारं ग्रेटिंग, म्हणजे स्टार अ‍ॅनालायझर १०० आणि मागे मोनो (कृष्णधवल) कॅमेरा. जोडायची रिंग लातूरच्या एका लेथवाल्यानं अर्ध्या तासात कातून दिली, आटे अगदी नेमके. या लेन्समध्ये गुरू जेमतेम ११ मायक्रॉनचा, म्हणजे ताऱ्यासारखा ठिपकाच. (स्वस्त ग्रेटिंग फिल्मच्या नादी लागू नका. मी आधी ऑनलाइन मागवली होती, ती लहरी निघाली.) व्याधाच्या ४८६.१ आणि ६५६.३ च्या हायड्रोजन रेषांवरून मोजपट्टी लावली.

पहिल्याच रात्री ७२० च्या पुढे ठसठशीत खड्डा दिसला. मी मामांना झोपेतून उठवून दाखवला. मग ब्रह्महृदय ताऱ्याचा वर्णपट घेतला, तर त्यातही तोच खड्डा! आपल्याच हवेतल्या बाष्पाचा. ६८७ आणि ७६० ला ऑक्सिजन होताच. हवेच्या या खुणा काढायला गुरूचा वर्णपट चंद्राच्या वर्णपटानं भागायचं ठरलं होतं, पण या लेन्समध्ये अर्ध्या अंशाचा चंद्र सगळं फासून टाकतो. म्हणून ब्रह्महृदयच घेतला. पिवळा, वर्णपटाच्या वर्गानं सूर्याच्या जवळचा, आणि रात्री दहा-साडेदहाला तो नि गुरू दोघंही क्षितिजापासून साठेक अंशांवर होते. दोघांचा प्रकाश सारख्याच जाडीच्या हवेतून येतो. दहिवरानं दोनदा लेन्स पुसायला लावली, पण भागाकार केल्यावर बाष्प गेलं, ऑक्सिजन गेला आणि गुरूचे स्वतःचे दोन खड्डे उरले. रूपर्ट विल्ट यांनी १९३२ मध्ये ज्यांचा उलगडा केला, तेच.

मामांनी विचारलं, "मग ह्याला तारा व्हायला किती कमी पडलं?" पुष्कळच. गुरू ३१८ पृथ्वींच्या वजनाचा असला, तरी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) पेटायला तसे १३ गुरू लागतात आणि साधा हायड्रोजन टिकून जळायला ८० च्या आसपास. 'थोडक्यात हुकलेला तारा' हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. आकारावर जाऊन तर काहीच कळत नाही, कारण ८० गुरूंचा तारा आकारानं साधारण गुरूएवढाच भरतो. गुरू अजून हळूहळू आकसतोय आणि सूर्याकडून मिळते त्याहून जास्त ऊर्जा बाहेर टाकतोय, पण ती जळण्याची नव्हे.

मिथेन मात्र सांगतो. सर्वांत थंड ताऱ्यांचा पृष्ठभागही दोन हजार केल्व्हिनहून गरम असतो, तिथे मिथेन तग धरत नाही. १९९५ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याच्या सोबत्याच्या, ग्लीझ २२९बी च्या वर्णपटात मिथेन दिसला, तेव्हाच कळलं की हा तारा नव्हे, तपकिरी बटू आहे, म्हणजे ग्रहाहून जड पण साधा हायड्रोजन टिकून न जळणारा. (२०२४ मध्ये तर तो एक नसून दोन बटूंची जोडी निघाली.) तोच पुरावा शेतातल्या स्टुलावरून पकडता आला, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

आता ८८९, या तिघांतला सर्वांत खोल पट्टा. तिथे दुसऱ्या ऑर्डरचं (ग्रेटिंगच्या दुप्पट फाकलेल्या दुसऱ्या वर्णपटातलं) ४४४ चं निळं चढून बसतं, म्हणून लाल फिल्टर लावावा लागेल. त्यानंतर शनी घेणार होतो, पण लिहिता लिहिताच सुचलं, युरेनस! त्याची तबकडी पावणेचार कोनीय सेकंदांचीच, डॉबमध्येही ठिपकाच राहील, आणि त्याचा मिथेन गुरूपेक्षा कितीतरी गडद. ग्रेटिंग असं फिरवायचं, की युरेनस सरकेल तो वर्णपटाला काटकोनात. म्हणजे ट्रॅकिंग नसलं तरी रेषा फासणार नाहीत. लेन्स ८८९ साठी ठेवतो, डॉब उद्याच परत बाहेर काढतो. युरेनस ज्यांच्याजवळ आहे त्या कृत्तिका अजून पश्चिमेला बऱ्यापैकी वर आहेत.