यकृतातली चरबी: आकडा कसा मिळतो, कुठे चुकतो

हेल्थ चेकअपच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ ही ओळ इतकी सर्रास येते की वाचणाऱ्याला ती वजन-उंचीसारखी मोजून लिहिली आहे असं वाटतं. ती मोजलेली नसते, नजरेने ठरवलेली असते. पेशींमध्ये चरबीचे थेंब साठले की ध्वनिलहरी जास्त विखुरतात आणि पडद्यावर यकृत पांढरट दिसतं. त्याची तुलना शेजारच्या उजव्या किडनीशी करतात. यकृत पांढरट पण आतल्या शिरांच्या भिंती आणि श्वासपटल स्पष्ट असेल, तर ग्रेड 1. भिंती पुसट झाल्या की 2. श्वासपटल दिसेनासं झालं की 3.

मशीनचा गेन (सिग्नल किती मोठा करून दाखवायचा ते) जरा वाढवला तरी यकृत उजळतं. किडनीचा जुना आजार असेल तर किडनीच पांढरट होते आणि तुलनेचा आधार जातो. शिवाय चरबी 20 टक्क्यांच्या आत असेल तर सोनोग्राफीतून ती पुष्कळदा निसटते. म्हणून दोन वेगवेगळ्या सेंटरचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘2 वरून 1 वर आलं’ असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आकडा हवा असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारी यकृताची तपासणी, हा सोपा रस्ता. यात दोन आकडे मिळतात आणि रुग्ण नेहमी त्यांची गल्लत करतात. पहिला कॅप: चरबीतून जाताना ध्वनिलहरीचा जोर किती ओसरतो ते डेसिबल प्रति मीटरमध्ये, 100 ते 400 या पट्टीवर. दुसरा यकृताचा ताठरपणा, किलोपास्कलमध्ये. प्रोब (त्वचेवर टेकवायचा यंत्राचा भाग) बरगड्यांमधून एक हलका धक्का देतो, टिचकी मारल्यासारखा. त्यातून उठलेली लहर यकृतात जितकी वेगाने पळते, तितकं यकृत ताठर.

तपासणीआधी किमान तीन तास पोट रिकामं हवं. जेवणानंतर यकृताकडे जाणारं रक्त वाढतं आणि ताठरपणा खोटा वाढलेला येतो. रुग्णाने उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा, म्हणजे बरगड्यांमधली फट उघडते. प्रोब कुशीच्या मधल्या रेषेवर, त्वचेला अगदी काटकोनात धरायचा. तिरपा धरला की मोजणी बिघडते. मोठी रक्तवाहिनी किंवा बरगडी वाटेत आली तर जागा बदलायची. किमान 10 वैध मोजण्या घ्यायच्या आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा, बघायचा.

सगळ्यात जास्त गफलत प्रोब निवडताना होते. त्वचेपासून यकृताच्या आवरणापर्यंतचं अंतर 25 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर नेहमीचा एम प्रोब सोडून जाड शरीरासाठीचा एक्सएल घ्यायला हवा. नाहीतर एम प्रोब त्वचेखालची चरबीच यकृताच्या खात्यात धरतो आणि आकडे फुगतात. रिपोर्टवर प्रोबचं नाव, मोजण्यांची संख्या आणि आयक्यूआर (मोजण्या एकमेकींपासून किती विखुरल्या आहेत ते) छापलेलं असतं. ताठरपणाचा आयक्यूआर मध्यकाच्या 30 टक्क्यांच्या आत असावा. हे तीन तपशील न बघता कॅपवर चर्चा करू नये.

कॅपच्या सीमाही ठोकळेबाज वापरू नयेत. बऱ्याच ठिकाणी 248, 268 आणि 280 या सीमांवरून सौम्य, मध्यम, तीव्र असं ठरवतात. पण ज्या विश्लेषणातून त्या आल्या, त्यातच दुरुस्तीही सुचवलेली आहे: फॅटी लिव्हरचं निदान असेल तर 10 वजा, मधुमेह असेल तर आणखी 10 वजा, आणि बीएमआय 25 च्या वर जितका असेल त्यातल्या प्रत्येक एककामागे 4.4 वजा, तेही बीएमआय 30 पर्यंतच. आता फॅटी लिव्हर आणि मधुमेह असलेला, 29 बीएमआयचा रुग्ण घ्या. कॅप 300 आला. वजावट 10, 10 आणि 17.6. उरले 262. ‘तीव्र’ म्हणून घाबरलेला माणूस ‘सौम्य’च्या पट्ट्यात आला.

नेमकं मोजायचं तर एमआरआय पीडीएफएफ, म्हणजे एकूण प्रोटॉनमध्ये चरबीतल्या प्रोटॉनचा वाटा टक्क्यांत सांगणारा एमआरआय. पाण्यातले आणि चरबीतले प्रोटॉन किंचित वेगळ्या वेगाने फिरतात. 1.5 टेस्लाच्या (चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर सुमारे 2.3 मिलिसेकंदांनी ते एकमेकांच्या विरुद्ध येतात, 4.6 ला पुन्हा जुळतात. साधारण सहा वेळा सिग्नल टिपून त्यातून चरबीचा वाटा काढतात. यकृतात लोह साठलेलं असेल तर सिग्नल झटकन विझतो, म्हणून त्याची दुरुस्ती त्याच गणितात हवी. इंजेक्शन लागत नाही. साधारण 20 सेकंद श्वास रोखावा लागतो, आणि तो सुटला की चित्र हलतं. पूर्ण यकृत एका श्वासात येतं, पण वाचताना एकाच ठिकाणी गोल काढून थांबू नये. चरबी सगळीकडे सारखी नसते. यकृताचे नऊ भाग धरतात, त्या नऊही भागांत, रक्तवाहिन्या आणि कडा टाळून मोजावं. कधी सॉफ्टवेअर पाणी आणि चरबीची अदलाबदल करतं. त्वचेखालची चरबी 90 टक्क्यांच्या आसपास दिसते ना, एवढं बघितलं की ही चूक पकडता येते.

साधारण 5 टक्क्यांच्या वर चरबी म्हणजे फॅटी लिव्हर. हे टक्के बायोप्सीच्या (सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्याच्या तपासणीच्या) टक्क्यांशी जुळवू नका. बायोप्सीत थेंब असलेल्या पेशी मोजतात, इथे प्रोटॉन. बायोप्सीतला आकडा बराच मोठा दिसतो. उपचाराचा परिणाम बघताना मूळ आकड्याच्या 30 टक्के घट अर्थपूर्ण मानतात, म्हणजे 20 चे 14 झाले तर. खर्चामुळे प्रत्येकाने हा एमआरआय करावा असं आम्ही म्हणणार नाही. औषधांच्या चाचण्यांत आणि कॅपबद्दल शंका असेल तिथे तो खरा कामाचा.

सीटी फक्त चरबीसाठी करू नये, किरणोत्सर्ग विनाकारण होतो. मुतखड्यासाठी कॉन्ट्रास्टशिवाय केलेला असेल आणि यकृत 40 हाउन्सफील्डच्या (सीटीवरच्या घनतेचं एकक) खाली असेल, तर ती नोंद मात्र सोडू नये.

आणि शेवटी किलोपास्कलकडे बघा. धोका चरबीच्या आकड्यापेक्षा त्याच्यावर जास्त ठरतो. 8 च्या आत असेल तर गंभीर फायब्रोसिस (यकृतात व्रणासारखे तंतू साठणं) बहुधा नाही. 12 च्या वर गेला तर यकृततज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. सिरॉसिस (फायब्रोसिसचा शेवटचा टप्पा) पुढे सरकतो तेव्हा यकृतातली चरबी आपोआप कमी होते. त्यामुळे गेल्या वर्षी कॅप 310 आणि ताठरपणा 9 होता, आणि या वर्षी कॅप 230 आणि ताठरपणा 16 आला, तर तो रिपोर्ट सुधारणेचा नाही.