इनोउएला पुढची जोड कुणाची? मॅचमेकिंगच्या वहीतून

वहीतला नाओया इनोउए या जपानी बॉक्सिंग चॅम्पियनचा भाग एकदाचा पुरा झाला. २०१९ च्या डोनेअर लढतीपासून सप्टेंबर २०२५ च्या नागोयातल्या लढतीपर्यंतचं सगळं नोंदवून झालंय. काय हाती लागलं ते मांडतो आणि शेवटी माझी जोडही लावतो. वाद घालायला सगळ्यांनी यावं.

नव्याने येणाऱ्यांसाठी रीत सांगतो. एका तारखेवर घड्याळ थांबवायचं. त्या दिवशी चॅम्पियनसमोर खरोखर कोण कोण उभं राहू शकत होतं त्यांची यादी करायची: रँकिंग, वजन, अधिकृत दावेदारी, दुखापती. आपणच मॅचमेकर, म्हणजे लढतीची जोड ठरवणारे, आहोत असं धरून त्यातला एक निवडायचा, निवडीचं कारण चार ओळींत लिहायचं आणि मगच प्रत्यक्षात झालेली लढत बघायची. मी ती आवाज बंद करून बघतो. कॉमेंटेटर एकदा का 'मॉन्स्टर, मॉन्स्टर' (इनोउएचं टोपणनाव) करायला लागला, की समोरच्याने मारलेले ठोसे दिसेनासे होतात.

दोन तुल्यबळ बॉक्सर असले तर जोड आपोआप लागते. खरी कसोटी एकतर्फी जिंकणाऱ्या चॅम्पियनची. प्रमोटरला तिकिटं खपवायची असतात, जेतेपदाचे बेल्ट देणाऱ्या चारही संघटनांना (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ) आपापला दावेदार पुढे रेटायचा असतो आणि चॅम्पियनच्या कोपऱ्यातल्या माणसांना धोका मोजूनमापून घ्यायचा असतो. कुस्तीच्या फडात जोडी नेमणाऱ्या वस्तादांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे: पहिल्या नंबरचा मल्ल पाच मिनिटांत चितपट करायला लागला, की पब्लिकही उठून जायला लागतं.

याआधीचा भाग अमेरिकन हेवीवेट चॅम्पियन जो लुईचा होता आणि त्यातली एक नोंद इथे फार उपयोगी पडली. डिसेंबर १९४० ते जून १९४१ लुई जवळजवळ दर महिन्याला जेतेपद पणाला लावत होता: मॅकॉय, बर्मन, डोराझियो, एब सायमन, मस्टो, बडी बेअर. अमेरिकन पत्रकारांनी या रांगेला 'बम ऑफ द मंथ क्लब' (दर महिन्याला एक टाकाऊ गडी) असं निर्दय नाव ठेवलं. त्यात सायमन आणि बेअर अवाढव्य होते. पण लुईच्या हातून जेतेपद जवळजवळ काढून घेतलं ते बिली कॉनने, १८ जून १९४१ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. कॉन लाइट हेवीवेटमधून, म्हणजे खालच्या वजनगटातून आलेला. अधिकृत वजन १७४ पौंड, लुईचं जवळपास २००. बारा फेऱ्यांनंतर पंचांच्या दोन गुणकार्डांवर कॉन पुढे होता, तिसरं बरोबरीत. बाराव्या फेरीत त्याने डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) लुईला डळमळवलं, तेराव्यात नॉकआउटच्या मागे लागला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना स्वतःच संपला. रांगेतल्या बाकीच्यांपेक्षा कॉन वेगळा कशात होता, ते बघताना वहीत एक नवा रकाना उघडला: 'मार बसल्यावर पुढच्या क्षणी काय करतो'. सरळ मागे जातो, मिठी मारतो, बगल देऊन निघतो, की त्याच दमात परत मारतो? इनोउएच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी मी आधी हाच रकाना भरला. त्यासाठी त्या माणसाच्या आधीच्या लढतींमधला फक्त त्याला लागलेला मार बघायचा. कंटाळवाणं काम आहे, पण उंची, पोहोच आणि नॉकआउटची टक्केवारी मिळून जेवढं सांगत नाहीत तेवढं त्यातून कळतं.

पॉल बटलरची लढत, १३ डिसेंबर २०२२. कागदावर ही बँटमवेटची (५३.५ किलोच्या गटाची) सगळ्यात मोठी लढत: चारही बेल्ट एकत्र. बटलर इंग्लंडचा, डब्ल्यूबीओचा बेल्ट घेऊन आलेला. दहा फेऱ्या तो गार्ड उंच धरून मागेमागे राहिला. इनोउएने हात पाठीमागे बांधून डोकं पुढे केलं, ये मार म्हणून, तरी हा गडी काही येईना. अकराव्या फेरीत संपलं. वहीत याला एकच ओळ आहे. याच बेल्टसाठी एप्रिल २०२० मध्ये लास वेगासला जॉनरिएल कासिमेरो ठरला होता. बेभान, वाटेल तिथून हात फेकणारा फिलिपिनो. कोविडने ती लढत गेली ती गेलीच आणि माझ्या हिशेबी इनोउएच्या कारकिर्दीतली ती सगळ्यात मोठी हुकलेली जोड आहे.

स्टीफन फुल्टन, २५ जुलै २०२३, टोकियोची अरिआके अरेना. घड्याळ थांबवून मीही फुल्टनलाच निवडलं होतं. वजनगट नवा, म्हणजे ५५.३ किलो, समोर दोन बेल्टवाला अपराजित तंत्रकुशल अमेरिकन. यापेक्षा चांगली परीक्षा त्या दिवशी नव्हती. आठव्या फेरीतला तो क्षण फ्रेम थांबवून बघण्यासारखा आहे. इनोउए आधी पोटात जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकतो. संध्याकाळभर तो हेच करत होता, म्हणून फुल्टनचं लक्ष क्षणभर खाली जातं. त्याच पावलावर उजवा सरळ तोंडावर येतो आणि फुल्टन मागे लडखडत असतानाच झेप घेऊन डावा हुक. तंत्र म्हणून अप्रतिम. पण माझ्या रकान्यात फुल्टनचं उत्तर 'मागे जातो' असंच होतं आणि त्या रात्रीही तो मागेच गेला. पाच महिन्यांनी मार्लन तापालेस. चिवट होता, दहाव्या फेरीपर्यंत टिकला, पण चॅम्पियनला धक्का असा बसला नाही.

आता ज्यांनी त्याला खरोखर हलवलं ते तिघं.

नोनितो डोनेअर, ७ नोव्हेंबर २०१९, सैतामा. वय ३६, सगळे म्हणत होते की थकला. दुसऱ्याच फेरीत त्याच्या डाव्या हुकने इनोउएच्या उजव्या डोळ्यावर जखम झाली आणि खोबणीचं हाड मोडलं. अकराव्यात पोटातल्या ठोशाने डोनेअर गुडघ्यावर आला तरी उठून बारा फेऱ्या पूर्ण करून गेला. इनोउएने ती गुणांवर जिंकली.

लुइस नेरी, ६ मे २०२४, टोकियो डोम. टायसन-डग्लसनंतर (१९९० ची लढत, टायसन अनपेक्षितपणे हरला ती) ३४ वर्षांनी त्या छताखाली बॉक्सिंग होत होतं. (डग्लससुद्धा होलीफील्डच्या आधीची भरतीची लढत म्हणून आणला होता, हे मॅचमेकिंग करणाऱ्याने विसरू नये.) नेरीचा जपानमधला इतिहास वाईट: जपानच्या यामानाकाविरुद्धच्या पहिल्या लढतीत डोपिंगचा वाद, २०१८ च्या दुसऱ्या लढतीत वजनात सपशेल नापास आणि मग जपानी बॉक्सिंग मंडळाची बंदी. पण रकान्यात त्याच्यापुढे ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: 'त्याच दमात परत मारतो'. पहिल्याच फेरीत जवळून ठोशांची देवाणघेवाण चालू असताना त्याचा डावा हुक आला आणि इनोउए आयुष्यात पहिल्यांदा खाली बसला. तो घाईने उठला नाही, आठपर्यंत मोजू दिलं. दुसऱ्या फेरीत त्याने नेरीला पाडलं, पाचव्यात पुन्हा, सहाव्यात संपवलं.

रामोन कार्देनास, ४ मे २०२५, लास वेगास. आपल्याकडे सोमवारची सकाळ. सॅन अँटोनियोचा हा गडी किती जणांना माहीत होता? दुसऱ्या फेरीच्या शेवटी इनोउए हुक टाकायला गेला, कार्देनास त्याखालून वाकून निघाला आणि त्याचा डावा हुक बसला. पुन्हा नॉकडाउन. सातव्यात कार्देनास खाली गेला, आठव्यात रेफ्रीने थांबवलं. जेतेपदाच्या लढतींमधला इनोउएचा हा २३ वा नॉकआउट. लुईचा २२ चा विक्रम इथे मोडला.

तिघांचे बेल्ट, वयं, उंच्या, देश, काही म्हणता काही जुळत नाही. नेरी डावखुरा, त्यामुळे त्याचा डावा हा मागचा हात; डोनेअर आणि कार्देनासचा तो पुढचा. जुळतं ते एवढंच, की तिघंही इनोउएचे हात चालू असताना, स्वतः माऱ्याच्या टप्प्यात उभे राहून, डावा हुक त्याच्या उजव्या बाजूला सोडत होते. इनोउए इतका जलद आहे, की बहुतेक जण त्याचा मारा संपायची वाट बघतात, आणि संपेपर्यंत तो टप्प्याबाहेर गेलेला असतो. मारा चालू असताना मध्येच हात घालणारा माणूस हवा. त्याची किंमत तो मोजतोच, तिघांनीही मोजली, पण लढत होते ती तिथेच.

मुरोदजोन अखमदालिएव्हवर थोडं बोलायलाच हवं, कारण त्याच्यावरून सगळ्यात जास्त वाद झालाय. २०१५ च्या दोहा जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत आपल्या शिव थापाला हरवणारा तोच हा उझबेक. रिओ ऑलिम्पिकला कांस्य, मग व्यावसायिक विश्वविजेता, मग तापालेसकडून निसटती हार. त्यानंतर डब्ल्यूबीएचा अधिकृत दावेदार असूनही त्याला ताटकळत ठेवलं गेलं आणि मध्ये इनोउएची लढत डोहेनीशी झाली, मग सॅम गुडमनच्या डोळ्यावरच्या जखमेमुळे त्याच्याऐवजी ऐनवेळी किम ये-जूनशी झाली. हा अन्याय होता आणि चॅम्पियनच्या बाजूने मी कितीही असलो तरी तसंच म्हणेन. ज्याचा हक्क आहे त्याला तारीख द्यायलाच हवी. पण रकाना भरताना अखमदालिएव्हसमोर मी 'थांबतो, मग मारतो' असं लिहिलं होतं. १४ सप्टेंबर २०२५ ला नागोयात इनोउए बारा फेऱ्या बाहेरून खेळला, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि अखमदालिएव्हचा प्रत्येक ठोसा अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचला. तीन पंचांचे गुण ११८-११०, ११८-११०, ११७-१११. सलग अकरा नॉकआउटची मालिका तिथे थांबली, तरी मला ही इनोउएची सगळ्यात शहाणी लढत वाटते.

घड्याळ याच रात्रीवर थांबवलंय. त्या रात्री इनोउए ३१-० (३१ विजय, एकही हार नाही). समोर कोण?

डेव्हिड पिकासो: मेक्सिकन, उंच, अपराजित, डब्ल्यूबीसीच्या यादीत अव्वल. पण जुलैमध्येच क्योनोसुके कामेदाविरुद्ध त्याला बहुमताच्या निकालावर (दोन पंच त्याच्या बाजूने, तिसऱ्याकडे बरोबरी) समाधान मानावं लागलं. त्या लढतीत मार बसला की तो हात वर घेऊन थांबत होता. मी ही जोड लावणार नाही. वरच्या गटात, फेदरवेटला, जायचं तर चार दरवाजे, म्हणजे तिथले चार बेल्टवाले: निक बॉल, पुन्हा फुल्टन, अँजेलो लिओ आणि राफाएल एस्पिनोझा. बॉल बुटका पण सतत आत घुसणारा, रकान्यात त्याच्यासमोर चांगली खूण आहे. एस्पिनोझा सहा फुटांहून उंच, मार खाऊन मारणारा. रॉबेइसी रामिरेझविरुद्ध (रिओत शिव थापाला पहिल्याच फेरीत घरी पाठवणारा तोच क्युबन) खाली पडून उठला आणि बेल्ट घेऊन गेला. पण ५७ किलोंच्या वर इनोउएच्या अंगावर ते वजन शोभेल का, याची मला शंका आहे. नेरी आणि कार्देनासच्या ठोशांनी जे झालं ते एस्पिनोझाच्या वजनाने आलं तर?

माझी निवड जुंतो नाकातानी. तोही त्या दिवशी ३१-०. फ्लाय, सुपर फ्लाय, बँटम असे तीन गट जिंकून आलेला, उंच, डावखुरा, किशोरवयातच लॉस एंजेलिसला रुडी हर्नांडेझकडे शिकायला गेलेला. मे २०२३ मध्ये अँड्र्यू मोलोनीला बाराव्या फेरीत ज्या डाव्याने त्याने झोपवलं तो डावा इनोउएच्या उजव्या बाजूलाच येणार. मार्च २०२५ मध्ये जपानच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्यात इनोउएने स्वतःच त्याला वर्षभराने टोकियो डोमला लढूया म्हणून जाहीर हाक दिली होती. फक्त एक अट: आधी नाकातानीने ५५.३ किलोवर एक लढत खेळावी, तीही परत मारणाऱ्या माणसाशी. बँटमवेटचा मार आणि हा मार यात फरक आहे आणि तो पहिल्यांदा इनोउएकडून कळणं ही त्याच्यासाठी वाईट शाळा ठरेल.

रकाना मात्र अजून अर्धा आहे. जून २०२५ मध्ये निशिदाविरुद्ध नाकातानी पहिल्या घंटेपासून तुटून पडला. सहाव्या फेरीनंतर निशिदा उठलाच नाही, त्यामुळे नाकातानीला मार बसलाय असे क्षण थोडेच मिळाले. आता मागे जाऊन नोव्हेंबर २०२० ची गिएमेल मागरामोविरुद्धची लढत घेतोय, नाकातानीचा पहिला विश्वविजेतेपदाचा सामना. तुमच्यापैकी कुणी ती फेरीवार नोंदवली असेल तर तुमचा रकाना मला दाखवा. विशेषतः मधल्या फेऱ्यांमध्ये मागरामो आत शिरल्यावर नाकातानी पाय हलवतो की डावा सोडतो, एवढं पडताळायचं आहे.