मुलीचा दिनक्रम आणि केंद्राचा तक्ता : माझा अनुभव

ज्या पालकांच्या हाती ‘विकासात विलंब’ असा शेरा असलेला अहवाल नुकताच पडला आहे, त्यांना मी सर्वांत आधी एवढेच सांगेन की थेरपी सुरू होण्यापूर्वी थेरपी केंद्रात उद्दिष्टांचा जो तक्ता समोर ठेवला जातो, त्यावर घाईघाईने सही करू नये. आमच्या मुलीच्या बाबतीत तपासण्या, भेटीच्या वेळा आणि अहवाल हे सारे विनातक्रार पार पडले आणि गाडी अडली ती नेमकी या एका पानावर. मुलीची प्रगती आता समाधानकारक आहे, तरीही त्या पानाचा विषय निघाला की माझी पत्नी मला आधी पाणी आणून देते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मुलगी अडीच वर्षांची झाली तरी तिच्याजवळ मोजकेच शब्द होते, चालताना तिचा तोल जात असे आणि कपडे व जेवण या बाबतींत ती पूर्णपणे आमच्यावर अवलंबून होती. तिचा जन्म मुदतीपूर्वी झाला होता. अशा मुलांचे वय साधारण दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तोपर्यंत आम्हीही तसेच मोजत होतो, पण ती सवलत संपली तरी अंतर भरून निघाले नव्हते. नातेवाइकांचे ‘बोलेल हो, काही मुले उशिरा बोलतात’ हे पालुपद चालूच होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी बदलली ती अशा पालुपदांना आळा बसावा म्हणूनच. सुधारित यादीत प्रत्येक वयासमोर ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुलांकडून अपेक्षित असलेल्याच गोष्टी ठेवल्या आहेत, त्यामुळे त्यातले काही राहून गेले असेल तर ‘अजून थोडे थांबू’ असे म्हणण्याला फारसा आधार उरत नाही.

आता त्या तक्त्याविषयी.

तक्त्यात पाच रकाने होते : स्थूल हालचाली, सूक्ष्म हालचाली, भाषा, आकलन आणि सामाजिक वर्तन. प्रत्येक रकान्यात एक उद्दिष्ट आधीच छापून आलेले होते आणि पालकांनी खाली फक्त सही करायची होती. ही उद्दिष्टे कोठून आली हे शोधायला फार वेळ लागला नाही. मूल्यमापनात तिला जे जे जमले नव्हते, ते जसेच्या तसे उचलून येथे ठेवले होते : तीन ठोकळ्यांचा पूल रचणे, एका पायावर क्षणभर उभे राहणे, नाव घेतलेल्या वस्तूचे चित्र दाखवणे. चाचणीतील कृती ही मुळात नमुन्यादाखल निवडलेली असते. ठोकळ्यांच्या पुलावरून बोटांचा नेमकेपणा, अनुकरणाची क्षमता आणि नजर व हात यांचा मेळ यांचा अंदाज बांधता येतो, म्हणून तो चाचणीत असतो. पूल रचता आल्याने घरातले एखादे काम सुकर होते म्हणून नव्हे. शिवाय चाचणीतलीच कृती घोटून घेतली तर पुढच्या वेळी गुण तेवढे वाढतात आणि ते नेमके कशाचे वाढले हे कोणालाही सांगता येत नाही.

आमची अडचण ठोकळ्यांची नव्हतीच. संध्याकाळची आंघोळ, त्यानंतरचे कपडे, जेवण आणि झोप हा सलग भाग रोज रडारडीत जात असे आणि त्यात घरातली तीन मोठी माणसे गुंतून पडत. म्हणून छापील ओळी खोडून मी लिहिले : ‘आंघोळीनंतर कपडे घालताना ती शांत बसेल आणि बाहीत स्वतः हात घालेल.’

खिडकीवरच्या बाईंनी कागद वाचला आणि विचारले, “सर, हे कोणत्या क्षेत्रात येतं?”

“पाचही क्षेत्रांत येतं,” मी म्हणालो, आणि ते शब्दशः खरे होते. आधाराशिवाय बसणे ही स्थूल हालचाल. बाहीचे तोंड शोधून त्यात हात सारणे ही सूक्ष्म हालचाल. ‘हात दे’ हे समजणे ही भाषा. यानंतर काय होणार आहे हे ओळखणे हे आकलन. आणि दुसऱ्या माणसाबरोबर पाळीपाळीने एक काम पुरे करणे हे सामाजिक वर्तन.

“एका उद्दिष्टाला एकच क्षेत्र लागतं, आणि बाकीचे रकाने रिकामे ठेवता येत नाहीत,” असे म्हणून त्यांनी कागद परत केला. त्यांच्यावर माझा राग नाही. नियम त्यांनी केलेला नव्हता. पुढच्या खेपेला मी वाक्याचे पाच तुकडे करून पाच रकान्यांत वाटले, तेव्हा तो कागद आतल्या टेबलावरून ‘उद्दिष्ट मोजता येण्याजोगे नाही’ असा शेरा घेऊन परत आला. त्यानंतरच्या खेपेला सही करणारे अधिकारी रजेवर होते. तक्ता मंजूर झाल्याशिवाय पहिले सेशन मिळणार नव्हते, आणि जिची इतकी निकड आहे असे अहवालात ठळक अक्षरांत लिहिले होते ती थेरपी एका पानासाठी आठवडेच्या आठवडे खोळंबली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शरीराच्या कार्यांबरोबरच माणसाच्या प्रत्यक्ष जगण्यातल्या क्रिया आणि सहभाग यांनाही स्वतंत्र स्थान दिलेले आहे, असे एक सविस्तर पत्र मी त्या काळात केंद्राला लिहिले. पत्राला आवक क्रमांक मिळाला. उत्तर मिळाले नाही. मसुदा चांगला उतरला होता, असे मला अजूनही वाटते.

मार्ग काढला तो तेथील एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे स्वतः करायला शिकवणाऱ्या, मॅडमनी. त्यांनी तक्ता बाजूला सारला, आम्हा दोघांना आणि माझ्या आईला समोर बसवले आणि म्हणाल्या, “सकाळी उठल्यापासून सांगा.” ही चौकशीची एक रीतसर पद्धत आहे, हे त्यांच्याकडूनच कळले, अमेरिकेतील अभ्यासक रॉबिन मॅकविल्यम यांनी ती विकसित केली आहे आणि ती नीट पार पाडायला दोनेक तास लागतात. दिवसाच्या प्रत्येक भागाविषयी तेच प्रश्न येतात : त्या वेळी घरातले इतर काय करत असतात, मूल काय करत असते, ते त्यात किती रमते, स्वतःहून किती करते आणि माणसांशी कसे वागते. शेवटी या भागाविषयी तुम्ही किती समाधानी आहात ते एक ते पाच आकड्यांत सांगायचे. रात्री झोप लागत नाही तेव्हा कशाची काळजी वाटते, हेही त्या विचारतात.

आकड्यांनी आम्हाला चकित केले. दुपारच्या जेवणाला आईने एक दिला. दिवसभर मुलीजवळ तीच असते आणि प्रत्येक घास भरवताना मुलगी मान फिरवते, हे तिने तोवर आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. सकाळच्या धांदलीला मी दोन देणार होतो, तर पत्नीने चार दिले, कारण ती धांदल आमची होती, मुलीची नव्हती. असा समोरासमोर हिशेब झाल्यावर उद्दिष्टे कोणती आणि कोणत्या क्रमाने, हे आमचे आम्हीच ठरवले. पहिली बाही, दुसरे दुपारचे जेवण, तिसरे आंघोळीकडे जाणे.

मोजमापाचा प्रश्न त्यांनी १९६८ सालच्या एका रीतीने सोडवला. किरेसुक आणि शर्मन या दोघांनी मानसिक आरोग्य सेवांसाठी ती मांडली आणि पुढे ती पुनर्वसनाच्या क्षेत्रात रुजली. प्रत्येक उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या लिहायच्या. अपेक्षित फळ शून्यावर, त्याहून कमी ते उणे एक व उणे दोन, अधिक ते अधिक एक व अधिक दोन. आमच्या बाहीची आजची स्थिती, म्हणजे दोन्ही हात आम्हीच घालतो, ही उणे दोन ठरली. ‘हात दे’ म्हटल्यावर हात पुढे करणे ही उणे एक. बाही उघडून धरली असता पाचपैकी चार संध्याकाळी एक हात स्वतः घालणे हे शून्य. दोन्ही हात घालणे अधिक एक, आणि डोक्यावरून कपडा स्वतः खाली ओढणे अधिक दोन. यापेक्षा मोजता येण्याजोगे आणखी काय हवे? हे सारे मॅडमनी एका वेगळ्या कागदावर लिहिले, त्याला ‘जोडपत्र अ’ असे नाव दिले आणि मूळ तक्त्याच्या पाचही रकान्यांत एकच मजकूर भरला : ‘पाहा : जोडपत्र अ’. एकही रकाना रिकामा नव्हता. तक्ता त्याच दिवशी मंजूर झाला.

कपड्यांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे शेवटची पायरी आधी शिकवणे. मोजा आपण टाचेखाली उतरवून द्यायचा आणि बोटांवरून ओढून काढण्याचे काम मुलाकडे ठेवायचे. ते जमले की टाचेवरून उतरवणेही त्याच्याकडे द्यायचे. अशाने काम पुरे केल्याचे श्रेय प्रत्येक वेळी मुलालाच मिळते. घालण्यापेक्षा काढणे सोपे असते, म्हणून सुरुवात काढण्यापासून करावी. तोल सांभाळण्यातच मुलाची सारी शक्ती खर्ची पडत असेल तर हात मोकळे राहत नाहीत. आम्ही तिला भिंतीला पाठ टेकवून बसवू लागलो आणि हातांत एकदम फरक दिसला. जेवणाच्या खुर्चीतही हेच. पाय लोंबकळत असतील तर धड स्थिर राहत नाही, म्हणून पायांखाली खोके ठेवून कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात येतील असे पाहिले.

भाषेसाठी वेगळा वर्ग घरी भरवू नये, असे माझे ठाम मत आहे. रोज त्याच वेळी तेच दोन-तीन शब्द बोलावेत, मूल एक शब्द बोलले तर आपण त्यात दुसरा जोडून परत द्यावा, आणि विचारल्यावर गप्प राहून मनात पाच ते दहा आकडे मोजावेत. हे गप्प राहणे माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला सर्वांत जड गेले, पण ‘हात’ हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो अशाच एका थांबण्यात. आंघोळीला नेण्यापूर्वी तिच्या हातात टॉवेल देऊ लागल्यावर तिकडे जातानाचे रडणे हळूहळू ओसरले, कारण पुढे काय होणार हे तिला आता आधी कळत होते.

सेशन आठवड्याला एक तास असते आणि आठवड्याचे तास १६८. त्या एका तासात टेबलावर शिकलेले लहान मूल घरी आपोआप वापरतेच असे नाही. उलट कपडे घालणे रोज घडतेच, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि प्रत्येक वेळी त्या कृतीला खरे कारण असते. मात्र सारा दिवस शाळेसारखा करून टाकणाऱ्या पालकांना मी विनंती करीन की दोनच भाग निवडा, आणि तेही ज्यात मोठ्यांना घाई नसते असे. आमच्या घरी सकाळी तिला सरळ आम्हीच कपडे घालतो. शिवाय घरातले सगळे सारखीच मदत करतील याची व्यवस्था हवी. आम्ही पायऱ्यांचा कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवला, त्यामुळे आईला आमच्या सूचना ऐकाव्या लागत नाहीत आणि आम्हाला तिच्या.

श्रवणचाचणीचे वर सांगायचे राहिले. शब्द उशिरा येत असतील तर पहिली तपासणी कानांची करावी, कारण पडद्यामागे पाणी साचल्यानेही ऐकणे मंद होते आणि घरात ते लक्षात येत नाही. आमच्याकडे ती चाचणी ठीक निघाली. आणि मुलाला येत असलेले शब्द किंवा हालचाली नाहीशा होऊ लागल्या, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे. तेथे दिनक्रम वगैरे सारे मागाहून.

केंद्रात दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत जवळ ठेवावी आणि तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यावा. नव्या आढाव्याचा तक्ता आला आहे आणि त्यात पुन्हा छापील उद्दिष्टे आहेत. या वेळी जोडपत्र मी घरूनच तयार करून नेणार आहे. बाही अधिक एकवर आहे. दुपारचे जेवण उणे एकवर अडकले आहे, म्हणून आढाव्याच्या दिवशी आईलाही बरोबर नेणार आहोत, कारण त्या वेळी घरी तीच असते.