मत्स्यशेतीचं प्रशिक्षण घेतलं, त्याचा अनुभव

मासे वाढवणं जमत होतं, पण भाव मिळत नव्हता. व्यापारी तळ्यावर यायचा, कल्ले उघडून बघायचा आणि भाव सांगून मोकळा व्हायचा. म्हणून प्रशिक्षण निवडताना मी एकच विचारलं, प्रत्यक्ष तळ्यावर शिकवणार ना?

सुरुवात पाण्यापासून झाली. उजाडायच्या आत प्राणवायू मोजायचा मीटर पाण्यात धरायला लावला, कारण रात्रभर मासे आणि शेवाळ दोन्ही प्राणवायू वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरला निदान 5 मिलिग्रॅम असावा, हे तिथे डोक्यात पक्कं बसलं. दुपारच्या आकड्यावर विसंबू नका. सामू म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते तपासणं, जाळं टाकून सरासरी वजन काढणं आणि त्यावरून खाद्य ठरवणं हे ओघाने आलंच.

माझ्या मते सगळ्यात मोलाची शिकवण काढणीची. वर्षभराची मेहनत मासा पाण्याबाहेर आल्यावर काही तासांत वाया जाऊ शकते. विक्रीआधी एक दिवस खाद्य बंद ठेवायचं. पोट रिकामं असलं की मासा जास्त टिकतो. जाळं गारव्यातच ओढायचं. मासा फार तडफडला की लवकर ताठरतो आणि मांस लवकर सैल पडतं, म्हणून काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात. मग पेटीत बारीक बर्फाचा थर, माशांचा थर, पुन्हा बर्फ. उन्हाळ्यात किलोभर माशाला किलोभर बर्फ. पेटीच्या तळाला वितळलेलं पाणी जायला भोक हवंच. प्रशिक्षकांनी बर्फातला एक आणि नुसता सावलीत ठेवलेला एक असे दोन मासे काही तासांनी आमच्यापुढे ठेवले. बोटाने दाबल्यावर पहिल्याचं मांस लगेच वर आलं, दुसऱ्यावर खळगा तसाच राहिला. कल्ल्यांच्या रंगातला फरक तर लांबूनही दिसत होता.

पुढे मोठ्या खरेदीदाराकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी वही मागितली. बीज म्हणजे तळ्यात सोडलेली पिल्लं कुठली, खाद्य कोणतं, औषध कधी दिलं आणि ते बंद करून किती दिवस झाले? क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांवर अनेक देशांत बंदी आहे. त्यांचा अंश सापडला तर अख्खा माल परत येतो. प्रशिक्षणात मिळालेले नोंदीचे तक्ते मी रोज भरत होतो, ते तसेच पुढे ठेवले. त्यांनी तळं पाहिलं, नमुना तपासायला नेला आणि आकारानुसार प्रतवारी करून द्यायच्या अटीवर माल घ्यायला सुरुवात केली.